घोड्यांसोबतच्या थेरपीने नाती खरंच सुधारतात का? मुंबईत करावी का?

मदत होऊ शकते, पण घोडा काही जादू करत नाही. यात बऱ्याचदा घोड्यावर बसतसुद्धा नाहीत. त्याच्याजवळ जायचं, खरारा करायचा, दोर सैल ठेवून त्याला सोबत चालवायचं. घोडा कळपात राहणारा आणि मुळात शिकार होणारा प्राणी. डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना, त्यामुळे जवळजवळ ३५० अंशांतलं त्याला दिसतं आणि समोरच्याच्या अंगातला ताण तो चटकन टिपतो. तुम्ही घाईत, दात-ओठ खात गेलात की तो कान मागे टाकतो, बाजूला सरकतो. दोर खेचलात तर आणखी अडून बसतो. घरी बायकोशी किंवा मुलांशी आपण नेमकं हेच करतो, नाही का? मग थेरपिस्टसोबत त्यावर बोलायचं. माझ्या मते खरा उपयोग त्या बोलण्याचाच.

हिप्पोथेरपी वेगळी. तिथे घोड्याच्या चालीची लय शरीराचा तोल सुधारायला वापरतात.

मुंबईत घोडेस्वारी म्हटलं की महालक्ष्मी रेसकोर्स आठवतो, पण स्वारीचा क्लास म्हणजे थेरपी नव्हे. (माथेरानची चक्कर तर नाहीच.) फी भरण्याआधी विचारा: सत्रात प्रशिक्षित मानसोपचारतज्ज्ञ किंवा समुपदेशक हजर असतो का? नुसता ट्रेनर असेल तर पैसे वाचवा. संशोधन अजून बरंचसं छोट्या गटांवरचं आहे, म्हणून चालू औषधं किंवा समुपदेशन यासाठी थांबवू नका.