यांत्रिक घड्याळ एकाएकी पुढे धावू लागले तर

प्रश्न : सहा वर्षांपूर्वी मी एक महागडे स्विस स्वयंचलित (मनगटाच्या हालचालीने आपोआप चावी मिळणारे) घड्याळ घेतले. ते दिवसाला फार तर पाच-सहा सेकंद पुढे जात असे. गेल्या पंधरवड्यापासून मात्र रोज दीड मिनिट पुढे जाते. जांभळी नाक्याजवळच्या कारागिरांनी पूर्ण सर्व्हिसिंगचा सल्ला दिला, आणि अधिकृत केंद्राने सांगितलेला खर्च मला झेपण्यासारखा वाटत नाही. काय करावे?
— एक वाचक, घोडबंदर रोड, ठाणे

उत्तर : सर्व्हिसिंगचे पैसे भरण्याआधी घड्याळात चुंबकत्व शिरले आहे का, हे तपासून घ्या. तेल सुकल्यामुळे होणारा बिघाड सहसा हळूहळू वाढतो. घड्याळ कुठे आपटलेले नसताना ते एकाएकी इतके पुढे पळू लागले, तर पहिला संशय चुंबकाचाच घ्यावा. आजच्या बहुतेक स्विस यांत्रिक घड्याळांतले बॅलन्सचे चाक, म्हणजे मागेपुढे झुलून वेळेचा ठेका धरणारे चाक, तासाला २८,८०० ठोके, म्हणजे सेकंदाला आठ ठोके देते आणि त्याची लय केसाएवढ्या बारीक हेअरस्प्रिंगवर अवलंबून असते. तिला चुंबकत्व लागले की वेटोळी एकमेकांना चिकटतात, स्प्रिंगची कामाची लांबी घटते आणि चाक भराभर झुलू लागते. रात्री घड्याळ स्पीकरजवळ, टॅब्लेटच्या चुंबकी कव्हरवर किंवा चुंबकी बटणाच्या पर्समध्ये ठेवले जात असेल, तर कारण तिथेच असू शकते. चुंबकत्व काढण्याचे काम साध्या यंत्रावर काही क्षणांत होते आणि त्यासाठी घड्याळ उघडावेही लागत नाही.

त्यानंतर टायमिंग मशीनवर (घड्याळाचे ठोके ऐकून त्याची चाल मोजणाऱ्या यंत्रावर) निरनिराळ्या स्थितींत घड्याळ तपासून घ्या. चाल सुधारली, तरी पूर्ण चावी दिलेली असताना बॅलन्सचा झोका बराच कमी दिसत असेल, तर मात्र सर्व्हिसिंगची वेळ आली आहे असे समजा आणि मग टाळाटाळ करू नका, कारण सुकलेल्या तेलावर चालणारे घड्याळ वेळ ठीक दाखवत असतानाच आतले धातूचे भाग झिजत राहतात. ओमेगा साधारण पाच ते आठ वर्षांनी, तर रोलेक्स सुमारे दहा वर्षांनी सर्व्हिसिंग सुचवते. बाहेरच्या कारागिराकडे दिले तरी यंत्र पूर्ण सुटे करून धुतले जाणार का, प्रत्येक जागी नेमके कोणते तेल पडणार आणि बदललेले भाग परत मिळणार का, हे आधी लिहून घ्या. पॉलिशला मी स्वतः नकारच देईन. प्रत्येक पॉलिशमध्ये घड्याळाच्या बाहेरच्या कवचाचा धातू थोडा जातो आणि तो परत येत नाही.

ठाण्याच्या पावसाचा विचार करता पाणी आत शिरू न देणाऱ्या रबरी कडीची, म्हणजे गॅस्केटची, तपासणी मला सर्व्हिसिंगइतकीच महत्त्वाची वाटते. गॅस्केट कडक झाले की 'वॉटर रेझिस्टंट' या छापील शब्दांना अर्थ उरत नाही, म्हणून दरवर्षी मे महिन्यातच दाबाची चाचणी करून घ्यावी. काचेच्या आतून वाफ दिसली, तर उन्हात वाळवत न बसता त्याच दिवशी कारागीर गाठावा.

प्रश्न : माझे स्वयंचलित घड्याळ आठवडाभर कपाटात असते. वाइंडर (घड्याळ फिरवत ठेवून त्याला चावी देणारी पेटी) घ्यावा का?
— एक वाचक, वाशी

उत्तर : साध्या तारखेच्या घड्याळासाठी गरज नाही, बंद पडल्याने त्याचे नुकसान होत नाही. पुन्हा चालू करताना हाताने चावी द्या, आणि काटे रात्री नऊ ते पहाटे तीनच्या दरम्यान असतील, तर आधी ते पुढे सरकवून मगच तारीख बदला.