नवरा गेल्यापासून मैत्रीण मंडळीत (चर्चमध्ये) येत नाही, मेसेजला उत्तर देत नाही. ख्रिस्ती म्हणून मी तिच्यासाठी काय करू?

तुम्ही लिहिलंय की तीन महिन्यांपूर्वी तुमच्या मैत्रिणीचा नवरा अचानक गेला, पदरात दोन लहान मुलं आहेत. तुम्ही रोज सकाळी तिला बायबलमधलं एक वचन पाठवता. ती ते वाचते, पण उत्तर देत नाही. मंडळीतल्या काही बायका आता म्हणायला लागल्यात की तिचा विश्वास डळमळलाय, आणि आपलंच कुठंतरी चुकतंय असं तुम्हाला वाटतंय.

थोडे दिवस वचनं पाठवणं थांबवा आणि तिच्या घरी जा. जाऊन बसा. असं का म्हणते ते सविस्तर लिहिते.

मी मूळची नगर जिल्ह्यातली. मिरजेच्या मिशन हॉस्पिटलात नर्सिंग शिकले आणि ३० वर्षं वेगवेगळ्या वॉर्डांत नोकरी केली. माणसं जाताना पाहणं आणि बाहेर येऊन नातेवाइकांना धीर देणं हे माझं रोजचं काम होतं. २०११ साली माझा स्वतःचा १९ वर्षांचा मुलगा नगर-पुणे रस्त्यावर मोटरसायकलच्या अपघातात गेला. आपण इतकी वर्षं लोकांना जे बोलत आलो, त्यातलं निम्मं त्यांच्या कानापर्यंतसुद्धा पोचलं नसणार, हे मला तेव्हा कळलं.

दफनविधीला माणूस मावत नव्हता. पुढचे आठ दिवस घरात पाय ठेवायला जागा नव्हती, रोज संध्याकाळी सांत्वनाची प्रार्थना व्हायची. लोक मनापासून आले होते आणि मनापासूनच बोलत होते. ‘देवाला चांगली फुलं आवडतात, तो ती लवकर खुडतो.’ ‘प्रभूची काहीतरी योजना असेल.’ आणि सगळ्यात जास्त वेळा ऐकलेलं म्हणजे, ‘देव सोसवेल तेवढंच देतो.’ या शेवटच्या वाक्यानं माझे किती दिवस गेले ते सांगते. रात्री जाग यायची आणि मी हिशोब मांडायचे: मी खंबीर आहे म्हणून देवानं हे मला दिलं, तर मी जरा कमकुवत असते तर माझं पोर वाचलं असतं का? ज्यांनी ते वाक्य उच्चारलं त्यांच्या स्वप्नातही हे आलं नसेल.

पवित्र शास्त्रात ते वाक्य तसं नाहीही. करिंथकरांस पहिल्या पत्राच्या दहाव्या अध्यायात पौल परीक्षेबद्दल, मोहाबद्दल बोलतोय. त्याच्या आजूबाजूला मूर्तिपूजेचा आणि अरण्यात इस्राएल लोक कसे घसरले त्याचा विषय चाललाय. मेलेल्या मुलाच्या आईला सांगायची ती ओळ नव्हे. तुम्ही सकाळी जी वचनं पाठवता ती खरीच आहेत, त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही. पण तीन महिन्यांच्या विधवेला पहाटे मुलांचे डबे भरताना ‘सर्व गोष्टी मिळून कल्याणकारक होतात’ असं आलं, तर ती त्याला उत्तर तरी काय लिहिणार? ‘आमेन’ लिहिलं तर ते खोटं वाटतं, आणि जे खरं वाटतं ते तुम्हाला लिहायची तिला भीती वाटते. म्हणून ती गप्प राहते.

मला ज्यांनी सावरलं त्या आमच्या मंडळीतल्या एक वयस्क बाई. मी त्यांना मावशी म्हणायचे, पण तोवर आमची ओळख उपासनेनंतर ‘सलाम’ म्हणण्यापुरतीच होती. सगळे पांगल्यावर, साधारण महिनाभरानं, एका गुरुवारी दुपारी त्या आल्या. हातात मेथीच्या दोन जुड्या. वर्तमानपत्र पसरलं, जमिनीवर बसल्या आणि मेथी निवडायला लागल्या. मी पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडलेली. तासाभरानं भाजी परतून, झाकून ठेवली, ‘येते गं’ म्हणाल्या आणि गेल्या. पुढच्या गुरुवारी शेवग्याच्या शेंगा, त्याच्या पुढच्या गुरुवारी गवार. चौथ्या की पाचव्या खेपेला मी उठून त्यांच्यासमोर बसले आणि शेंगा मोडायला लागले. त्यांनी मान वर न करता विचारलं, ‘त्याला कुठली भाजी आवडायची?’

इतक्या दिवसांत माझ्या मुलाबद्दल कोणी असं विचारलं नव्हतं. मला त्रास होईल म्हणून लोक त्याचं नावच टाळत होते. घरात त्याच्याबद्दल बोलणं थांबलं की तो दुसऱ्यांदा जातो असं मला वाटायचं. त्या दिवशी मी अडीच तास बोलले. तो भाजी खायचाच नाही, इथून सुरुवात झाली.

नंतर माझ्या लक्षात आलं की मावशी पवित्र शास्त्रातल्या इयोबाचे मित्र जिथं चुकले त्याच्या अलीकडेच थांबल्या होत्या. इयोबाची सगळी मुलं एका दिवसात गेली. त्याचे तिघे मित्र अलीफज, बिल्दद आणि सोफर त्याला भेटायला आले, तेव्हा त्यांनी फार सुंदर गोष्ट केली. सात दिवस आणि सात रात्री ते त्याच्याजवळ जमिनीवर बसले आणि कोणी एक शब्दही बोललं नाही, कारण त्याचं दुःख किती मोठं आहे हे त्यांना दिसत होतं. ज्यू लोक आजही सात दिवसांचा शोक पाळतात आणि भेटायला गेलेल्यानं शोक करणाऱ्याच्या आधी तोंड उघडायचं नाही असा त्यांच्यात रिवाज आहे. बिघडलं ते आठव्या दिवसानंतर. मित्रांनी कारणं द्यायला सुरुवात केली: तुझं काहीतरी चुकलं असेल, पश्चात्ताप कर. शेवटी देव रागावला तो या सांत्वन करणाऱ्यांवर. ओरडणाऱ्या, देवाला जाब विचारणाऱ्या इयोबाला त्यानं आपला सेवक म्हटलं. तुमच्या मैत्रिणीचा विश्वास डळमळलाय म्हणणाऱ्या बायकांना इयोबाच्या पुस्तकाचा हा शेवटचा अध्याय जरूर वाचायला सांगा. आणि ८८ वं स्तोत्रही. ते सुरुवातीपासून रडतं आणि अंधारातच संपतं, शेवटी दिलाशाची एक ओळ नाही. तरीही ते आपल्या शास्त्रात आहे.

बेथानीची गोष्ट तुम्हाला ठाऊकच असेल. लाजर मेल्यावर चौथ्या दिवशी येशू पोचला. मार्था आणि मरीया या दोघी बहिणी त्याला वेगवेगळ्या भेटल्या आणि दोघींनी अगदी एकच वाक्य म्हटलं: प्रभू, तू इथं असतास तर माझा भाऊ मेला नसता. मार्थाशी तो पुनरुत्थानाबद्दल बोलला. मरीयेला रडताना पाहून त्यानं फक्त ‘त्याला कुठं ठेवलंय?’ एवढं विचारलं. मग ‘येशू रडला’ असं योहान लिहितो. पुढच्या काही क्षणांत लाजर कबरेतून बाहेर येणार हे त्याला माहीत होतं, तरी तो तिच्याबरोबर रडला. एकाच घरातल्या दोघींना त्याच दिवशी वेगवेगळं काही हवं होतं आणि त्यानं ते ओळखलं. तुमची मैत्रीण आज मार्था आहे की मरीया हे सकाळच्या मेसेजवरून कळणार नाही. समोर बसल्यावर कळेल.

शुभवर्तमानांत गर्दीकडे किंवा आजाऱ्याकडे पाहून येशूला ‘कळवळा आला’ असं पुन्हा पुन्हा येतं. मूळ ग्रीक शब्द आतड्यांवरून आलेला आहे. आपण मराठीत आतडं तुटणं म्हणतो, आतड्याची माया म्हणतो, नेमकं तेच. मला हे समजलं तेव्हा फार बरं वाटलं, कारण माझ्या मनातली करुणा ही तोवर दुरून, अंगणात उभं राहून करायची एक पवित्र गोष्ट होती.

पंडिता रमाबाईंचं उदाहरण मी नेहमी देते. त्यांचे आईवडील आणि थोरली बहीण दुष्काळाच्या दिवसांत, उपासमारीत गेले. पुढे १८९६-९७ च्या दुष्काळात त्या स्वतः मध्य प्रांतात गेल्या आणि शेकडो मुलींना, बायकांना घेऊन आल्या. केडगावचं मुक्ती मिशन त्यातूनच उभं राहिलं. भुकेनं माणसाचं काय होतं हे त्यांना कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. तुमच्या मंडळीत दहा-वीस वर्षांपूर्वी विधवा झालेली एखादी बाई असेल, तर तिला बरोबर न्या. तिनं काही बोललं नाही तरी चालेल.

आता प्रत्यक्ष काय करायचं. ‘काही लागलं तर सांग’ म्हणू नका. काय लागतं हे ठरवण्याचं बळही त्या दिवसांत नसतं. ‘गुरुवारी सहाला येते, भाजी-पोळी आणते. दार उघडावंसं वाटलं नाही तर पिशवी कडीला लावून जाते’ असं लिहा आणि खरोखर जा. दार नाही उघडलं तर मनाला लावून न घेता पुढच्या गुरुवारी परत जा. गेल्यावर बसा. वॉर्डात मी हे हजारदा पाहिलंय: उभ्या डॉक्टरला पेशंट ‘बरं आहे’ सांगतो आणि स्टूल ओढून बसणाऱ्या नर्सला खरं सांगतो. मुलांना तासभर बागेत न्या, तेवढ्यात ती झोपेल नाहीतर मोकळेपणानं रडेल. नवऱ्याच्या मागे कागदपत्रांचं जंगल असतं: मृत्यूचा दाखला, बँक, विमा, गॅस, शाळेचे फॉर्म, वारसाची नोंद. बँकेच्या खिडकीवर ‘मिस्टर कुठं आहेत?’ हा प्रश्न एकटीनं झेलायला फार जड जातं. फाईल घेऊन तिच्याबरोबर रांगेत उभ्या राहा. माझ्या दृष्टीनं तीही उपासनाच आहे.

ती देवावर चिडून बोलली तर देवाची वकिली करू नका. त्याला तिची भाषा समजते. प्रार्थना करायची झाल्यास आधी विचारा, ‘करू का?’ ती ‘नको’ म्हणाली तर घरी येऊन करा. एकदा मी मावशींना म्हणाले, ‘माझ्याच्यानं प्रार्थना होत नाही.’ त्या म्हणाल्या, ‘मग तू राहू दे, तुझ्या वाटची मी करते.’ आणि विषय बदलला. पक्षाघात झालेल्या माणसाला चौघांनी उचलून आणलं, छप्पर उघडून खाली सोडलं, तेव्हा येशूनं त्यांचा विश्वास पाहिला असं मार्क लिहितो. काही महिने तुमच्या मैत्रिणीची खाट तुम्ही उचला.

ती जे सांगेल ते तुमच्यापाशीच ठेवा. हे मी कळकळीनं सांगते, कारण आपल्याकडे ‘प्रार्थनेसाठी सांगते हं’ म्हणत माणसाचं घर चव्हाट्यावर येतं. माझ्या नवऱ्याचं पिणं त्या वर्षी वाढलं होतं. मी ते एकीलाच सांगितलं आणि रविवारी उपासनेनंतर तिघींनी माझा हात दाबला. मी दोन महिने मंडळीत गेले नाही.

आणखी एक. लग्नात हळदीच्या वेळी आपल्या ख्रिस्ती घरांतही विधवेला हळूच मागं ठेवतात, कोणी बोलून दाखवत नाही इतकंच. तुमच्या घरी कार्य निघालं तर तिला पुढं बोलवा, पहिली हळद तिला लावू द्या. विधवांबद्दल शास्त्रात इतकं लिहून ठेवलेलं असताना हे आपल्यात उरलंय याची मला लाज वाटते.

ती जेवत नसेल, आठवडेच्या आठवडे झोपत नसेल, ‘मुलं नसती तर मी पण गेले असते’ अशा धाटणीचं काही बोलत असेल, तर सरळ विचारा, ‘जीव द्यायचा विचार मनात येतो का?’ विचारल्यानं तो विचार पेरला जात नाही, उलट बोलायला वाट मिळते. ‘हो’ म्हणाली तर तिला एकटी सोडू नका, घरच्या कोणाला तरी विश्वासात घ्या (इथं गुप्तता बाजूला ठेवायची), आणि मानसोपचारतज्ज्ञाकडे न्या. टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत. गोळी घेणं म्हणजे विश्वास कमी असणं असं कोणी म्हणालं तर ऐकू नका. एलीया संदेष्ट्यानं झुडपाखाली बसून मरण मागितलं, तेव्हा देवानं त्याला उपदेश केला नाही. आधी झोपू दिलं, मग देवदूताकरवी भाकर आणि पाणी दिलं, पुन्हा झोपू दिलं, पुन्हा खायला दिलं. बोलणं त्यानंतर, डोंगरावर पोचल्यावर झालं.

तारखा लिहून ठेवा: त्याचा वाढदिवस, त्यांच्या लग्नाचा वाढदिवस, तो गेला ती तारीख. आणि पहिला नाताळ. आमच्या पहिल्या नाताळाला मी दारावर तारा लावला नव्हता. मावशी त्यांच्या नातवाला आणि वायरच्या गुंडाळीला घेऊन आल्या आणि दारातच विचारलं, ‘लावू का गं?’ मी नको म्हटलं. त्यांनी वायर पिशवीत ठेवली, आत आल्या आणि आम्ही चहा घेतला. दुसऱ्या वर्षी त्या पुन्हा आल्या, पुन्हा विचारलं, पुन्हा मी नको म्हटलं, पुन्हा चहा झाला. तिसऱ्या वर्षी त्या यायच्या आधीच मी माळ्यावरून तारा काढून पुसून ठेवला होता. स्टुलावर चढायला तेवढा त्यांचा नातू लागला.

तुमच्या मैत्रिणीकडे या गुरुवारी जा. मेथी मिळाली तर मेथी न्या, निवडायला वेळ लागतो.