त्वचेचे प्रश्न : लिंबाचे ओघळ

प्रश्न : पंढरपूर रस्त्याला आमचं रसवंतीगृह आहे. उसाच्या चरकावर मालक, लिंबं पिळायला मी. दरवर्षी चैत्र लागला की बोटांच्या बेचक्यात आणि मनगटावर भाजल्यासारखी आग होते, कधी फोडही येतात. मग काळे ओघळ उमटतात ते दिवाळीपर्यंत जात नाहीत. सासूबाई म्हणतात ऊन लागलं, लिंबाची साल चोळ. चोळते, पण डाग वाढतच चाललेत. मेडिकलमधून गोरेपणाची ट्यूब आणून लावू का?
– एक वाचक, वय ३४

उत्तर : ताई, इथे कुंपणच शेत खातंय. सासूबाईंचं निम्मं बरोबर आहे, ऊन लागलंच. पण ते लिंबाच्या रसावर लागलं. लिंबाच्या सालीत फ्युरोकुमारिन नावाची द्रव्यं असतात. ती त्वचेवर असताना उन्हातले यूव्हीए किरण पडले की त्वचा अक्षरशः भाजते. गंमत अशी की आग लगेच होत नाही. एक-दोन दिवसांनी होते, त्यामुळे लिंबाचा संशयच येत नाही. डाग ओघळासारखे का, हेही आता कळलं असेल. रस जिथून ओघळला, तिथेच ते उमटले.

मागच्या मे महिन्यात एका मुलाच्या पाठीवर पाच बोटांचा काळा ठसा होता. शेजाऱ्यांना वाटलं, मारलंय. आईनं सहलीत सरबतासाठी लिंबं पिळून तसंच त्याला उचललं होतं, एवढंच.

आता काय करायचं? हातमोजे घाला किंवा लिंबू पिळायचं यंत्र वापरा. रस लागला की पाणी मारून भागत नाही, साबणानं धुवा आणि मगच उन्हात या. तुमची जागा चरकाच्या मागे, सावलीत करून घ्या. सनस्क्रीन लावायला हरकत नाही (एसपीएफ ३० पुरे), पण दिवसभर पाण्यात हात असताना ते टिकणार किती? तुमच्यासाठी स्कूटीवाल्या मुली घालतात तो लांब बाह्यांचा सनकोट जास्त कामाचा. चेहऱ्याला मात्र सनस्क्रीन लावा, दर दोन-तीन तासांनी पुन्हा.

ट्यूब नको. अशा पुष्कळ ट्यूबमध्ये स्टेरॉइड असतं. चार दिवस त्वचा उजळ दिसते, मग पातळ होते, लाल पडते, चेहऱ्यावर पुटकुळ्या आणि लव येते, आणि ऊन आणखीच सोसत नाही. चिठ्ठीशिवाय देतोय म्हणजे औषध साधं आहे, असं समजू नका.

जुने डाग हळूहळू फिकट होतील, काही महिने जातील. नवे फोड आले तर फोडू नका, थंड पाण्याची पट्टी ठेवा आणि डॉक्टरांना दाखवा. साल चोळणं आजपासून बंद. तांब्याच्या हंड्याला चोळा हवी तर, पण सावलीत बसून, आणि नंतर हात धुऊन.