आरोग्य उपक्रमाचा परिणाम खरा आहे, हे संशोधक कसं ठरवतात?

गडचिरोलीचं उदाहरण घ्या. डॉक्टर दांपत्य अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने 39 गावांत नवजात बाळांवर घरीच उपचार सुरू केले, 47 गावं तुलनेसाठी ठेवली. गावं चिठ्ठ्या टाकून निवडली नव्हती, त्यामुळे दोन्ही गटांत मुळातच फरक असू शकला असता; म्हणून 1993 ते 1995 अशी आधीची मोजणी फारच मोलाची. तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदरात (हजार जिवंत जन्मांमागे पहिल्या 28 दिवसांतले मृत्यू) तुलनेच्या गावांच्या मानाने 62 टक्के घट दिसली. निष्कर्ष 1999 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले.

घात होतो तो नोंदीत. जन्मून लगेच दगावलेलं बाळ ‘मृत जन्मलं’ असं लिहिलं, की नवजात मृत्युदर कागदावरच उतरतो. म्हणून मृतजन्मही मोजावेत, आणि मोजणारा माणूस उपचार करणाऱ्यापेक्षा वेगळा असावाच.