मदरबोर्ड गेला म्हणण्याआधी सॉकेट तपासा

प्रश्न : राम राम भाऊ, आमचं घर रावेर तालुक्यात गावाबाहेर मळ्यात आहे, आजूबाजूला सगळी केळीच. मुलीच्या अभ्यासाला आणि माझ्या बचत गटाच्या हिशोबाला म्हणून डेस्कटॉप घेतला त्याला पाच वर्षं झाली. दोन महिन्यांपासून संध्याकाळी तो मधेच बंद पडतो, कधी आपोआप रिस्टार्ट होतो, युपीएस टीं टीं करत राहतो. सकाळी बटन दाबलं तर तीन-चार वेळा काहीच होत नाही आणि मग एकदम चालू. आणि अनवाणी असताना कॅबिनेटला हात लागला की झिणझिण्या येतात. दुकानदार म्हणतो मदरबोर्ड गेला, नवीनच घ्या. खरंच गेला असेल का?
– एक ताई, रावेर तालुका

उत्तर : ताई, मदरबोर्डचं मागून बघू, आधी त्या झिणझिण्या बघा. त्या थांबेपर्यंत मुलीला अनवाणी कॉम्प्युटरजवळ बसू देऊ नका, पायात चप्पल पाहिजेच. एसएमपीएस म्हणजे कॅबिनेटमधला, आतल्या सगळ्या भागांना वीज देणारा डबा, त्याच्या आत फिल्टरचे छोटे कॅपॅसिटर (चार्ज साठवणारे भाग) असतात, ते फेज आणि न्यूट्रल दोन्हीकडून कॅबिनेटच्या पत्र्याला जोडलेले असतात, आणि त्यातून जो थोडासा करंट येतो तो अर्थिंगमधून जमिनीत जायला पाहिजे. अर्थिंगच नसेल तर पत्र्यावर अंदाजे निम्मं व्होल्टेज म्हणजे 115 च्या आसपास उभं राहतं, तेच तुम्हाला लागतंय. मग तो पत्रा मदरबोर्डला पण जोडलेलाच आहे, मशीन कसं शांत राहणार?

वायरमनला मीटर घेऊन बोलवा आणि सॉकेटला तीन रीडिंग घ्यायला लावा. फेज-न्यूट्रल 230 च्या जवळ, फेज-अर्थ पण जवळपास तेवढंच, आणि न्यूट्रल-अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत. फेज-अर्थ कमी दाखवत असेल किंवा काटा नाचत असेल तर अर्थिंग नाहीच समजा. आपल्याकडे अजून एक गोष्ट होते, काळी जमीन वैशाखात भेगाळते, अर्थिंगच्या खड्ड्यातली ओल जाते आणि पावसाळ्यात चांगली असलेली अर्थिंग उन्हाळ्यात नावालाच उरते. खड्ड्यात अधूनमधून बादलीभर पाणी टाकत जा. काही वायरमन शॉर्टकट म्हणून सॉकेटमधेच न्यूट्रलची वायर अर्थच्या पिनला जोडून देतात, ते अजिबात करू देऊ नका, न्यूट्रल तुटला तर पूर्ण 230 कॅबिनेटवर येईल आणि ते जीवावर बेतेल.

आता संध्याकाळचं. शेजारपाजारच्या मोटरी चालू असतात तेव्हा घरातला बल्ब मंद होतो का, पंखा हळू होतो का बघा. होत असेल तर व्होल्टेज डाऊन होतंय, युपीएस बॅटरीवर जातोय आणि बॅटरीत दम नाही म्हणून मशीन बसतंय. टेस्ट सोपी आहे. सगळं सेव्ह करून कॉम्प्युटर बंद करा, युपीएसला फक्त एक 60 वॉटचा साधा बल्ब लावा आणि युपीएसचा प्लग भिंतीतून काढा. बल्ब दोन-चार मिनिटांत विझला तर आतली 12 व्होल्ट 7 एएचची बॅटरी गेली. ती तशीही दोन-तीन वर्षांची धनी, आणि आपल्या उन्हाळ्यात त्याआधीच जाते, तुमची पाच वर्षांची असेल तर तिने खूप साथ दिली म्हणायची.

सकाळी बटन न लागणं हे मला जुन्या एसएमपीएसचं लक्षण वाटतं, आतले कॅपॅसिटर सुकले की थंड असताना तो उठत नाही, जरा गरम झाला की चालतो. घरचा एसएमपीएस मात्र उघडू नका, प्लग काढल्यावरही आत 300 व्होल्टच्या वर चार्ज राहू शकतो. दुकानात नेऊन दुसरा चालू एसएमपीएस लावून बघायला सांगा, पाच मिनिटांचं काम आहे. हिरवी आणि काळी वायर जोडून पंखा फिरला म्हणून तो चांगला असं कोणी सांगितलं तर ऐकू नका, मशीन चालू असताना पिवळ्या वायरवर 11.4 ते 12.6 आणि लाल वायरवर 4.75 ते 5.25 व्होल्ट मिळायला हवेत. माझ्याकडे "मदरबोर्ड गेला" म्हणून आलेली कितीतरी मशीन नुसता एसएमपीएस बदलून आणि अर्थिंग करून घरी गेलीत, त्यामुळे एवढं सगळं झाल्याशिवाय नवीन मशीनला पैसे काढू नका. आणि क्रम तोच ठेवा, आधी अर्थिंग, मग बॅटरी, मग एसएमपीएस, नाहीतर नवीन एसएमपीएस पण त्याच सॉकेटवर खराब होऊ शकतो.

प्रश्न : लाईट गेली की कॉम्प्युटरची तारीख-वेळ मागे जाते, दर वेळी सेट करावी लागते.
– एक वाचक, भुसावळ

उत्तर : मदरबोर्डवर नाण्यासारखा गोल सेल असतो, सीआर2032, तो बदला. मशीनचा प्लग काढून, नवीन सेल प्लसची बाजू वर ठेवून बसवा.