चर्चच्या सेवेसाठी ब्लॉग आणि सोशल मीडिया नीट कसा वापरायचा?

तुम्ही लिहिलंय की चर्चचं पेज काढलं, रोज वचनाचा फोटो टाकतो तरी लाइकच्या पुढे काही होत नाही. होणार कसं हो, सूर्योदयाच्या फोटोवर लिहिलेलं वचन लोकांना सकाळपासून चार ग्रुपवर येऊन गेलेलं असतं, हात जोडायचे नि पुढे सरकायचं.

मी आमच्या मंडळीचं पेज बघतो आणि माझं मत विचाराल तर पोस्ट कमी टाका, उत्तरं जास्त द्या. कोणी कमेंटमध्ये 'प्रार्थना करा' लिहितं आणि खाली वीस जण 'आमेन' टाकून मोकळे होतात, त्या माणसाला काय झालंय हे एकानेही विचारलेलं नसतं! तुम्ही त्याला मेसेज करा, विचारा, आठवड्याने परत विचारा. पण आजार, घरातली भांडणं हे कमेंटमध्ये उकरायचं नाही, इनबॉक्समध्येच. बाप्तिस्म्याचा फोटोसुद्धा विचारल्याशिवाय टाकू नका, काहींच्या घरी अजून माहीत नसतं, आणि लहान मुलांचा असेल तर आईबापाला विचारून.

ब्लॉगचं गणित वेगळं आहे. फेसबुकची पोस्ट दोन दिवसांत खाली जाते, ब्लॉगवरचा लेख दोन वर्षांनीही गूगलवर सापडतो. म्हणून 'रविवारचा संदेश भाग ३' असं शीर्षक नको, ते कोण शोधणार? 'देव माझी प्रार्थना का ऐकत नाही' असं लोक ज्या शब्दांत विचारतात तेच ठेवा, एका लेखात एकच प्रश्न.

पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी 2010 मध्येच धर्मगुरूंना ब्लॉग, व्हिडिओ वापरा म्हणून सांगितलं होतं, पण तुमची ओळख मीडियातल्या हुशारीपेक्षा धर्मगुरूच्या मनाने व्हावी असंही त्यातच होतं. मी कॅथलिक नाही, तरी मला ते पटतं.

व्हिडिओ टाकणार असाल तर अख्खा संदेश यूट्यूबवर ठेवा, आणि त्यातला एकच मुद्दा मिनिटभराचा कापून खाली अक्षरं देऊन टाका, बरेच जण आवाज बंद ठेवूनच बघतात. लाइव्हमध्ये उपासनेची गाणी असतील तर परवानगी आधी बघा, चर्चमध्ये गायचं लायसन्स आणि ऑनलाइन दाखवायचं लायसन्स बऱ्याचदा वेगळं असतं, रेकॉर्ड केलेलं गाणं वाजवलं तर मध्येच आवाज बंद होऊ शकतो.

आणि हो, पेजचा अ‍ॅडमिन एकटा पाळक नको. निदान दोघं तरी ठेवा, मेसेजला उत्तर द्यायचा वार वाटून घ्या.