लाटव्हियातील बेरोजगार गेले कुठे?

प्रश्न : लाटव्हियाने २००८ च्या मंदीनंतर चलनाचे अवमूल्यन न करता, केवळ सरकारी खर्चात कपात करून बेरोजगारी चार वर्षांत जवळजवळ निम्म्यावर आणली, असे वाचले. लहान देशांनी संकटात हाच मार्ग धरावा काय?
– एक वाचक, सांगली

उत्तर : आपण वाचलेले आकडे खरे आहेत. २००७ मध्ये सुमारे ६ टक्के असलेला बेरोजगारीचा दर २०१० मध्ये १९ टक्क्यांच्या पुढे गेला आणि २०१४ पर्यंत ११ टक्क्यांच्या आसपास उतरला. मात्र या उताराचे सगळे श्रेय काटकसरीला देणे मला मान्य नाही.

हा दर काढताना काम करणारे आणि काम शोधणारे, एवढ्यांचीच गणती होते. देश सोडून गेलेला माणूस दोन्हींतून वगळला जातो. समजा, अशा शंभर जणांत वीस बेरोजगार आहेत. त्यांतले दहा परदेशी गेले, की उरलेल्या नव्वदांत दहाच बेरोजगार राहतात आणि एकही नवी नोकरी निर्माण न होता दर २० वरून ११ टक्क्यांवर येतो. लाटव्हियात नेमके एवढेच घडले असे नाही, कारण निर्यात सावरल्यावर रोजगारही खरोखर वाढला. पण स्थलांतराचा वाटा मोठा होता. २००० च्या जनगणनेत सुमारे २३ लाख ७७ हजार असलेली लोकसंख्या २०११ मध्ये २० लाख ७० हजारांवर आली होती. जन्मांपेक्षा मृत्यू अधिक, हे त्याचे एक कारण. त्याहून मोठे कारण म्हणजे ब्रिटन, आयर्लंड, जर्मनीकडे गेलेले लोक, आणि त्यांत तरुणांचा भरणा अधिक होता.

मागे राहिलेल्यांनी काय सोसले, तेही पाहिले पाहिजे. नोव्हेंबर २००८ मध्ये पारेक्स ही मोठी बँक सरकारला ताब्यात घ्यावी लागली, पाठोपाठ नाणेनिधी आणि युरोपीय संघाकडून कर्ज घ्यावे लागले, आणि लाट्स या तेव्हाच्या लाटव्हियन चलनाचा युरोशी बांधलेला दर टिकवण्यासाठी सरकारी पगार कापले गेले, शाळा आणि रुग्णालये बंद झाली. बेकारभत्ता न मिळणाऱ्यांना नगरपालिकांची कामे करून महिना १०० लाट्स मिळत. या तुटपुंज्या रकमेसाठीही लोकांनी मोठ्या संख्येने नावे नोंदवली, यावरून हलाखीची कल्पना यावी. पुढे दर उतरल्यावरही पूर्वेकडील लाटगाले प्रांतात तो राजधानी रीगापेक्षा कितीतरी अधिक राहिला.

आपल्या प्रश्नाचे उत्तर यातच आहे. २००४ पासून युरोपीय संघाचे सदस्यत्व असल्याने लाटव्हियाच्या बेरोजगारांना बाहेर पडण्याची वाट होती. ज्या लहान देशाच्या नागरिकांना शेजारी देशांत मुक्तपणे काम करता येत नाही, त्याने हीच कपात केली तर तिचा सगळा भार देशातच, त्याच घरांवर राहील. अशा देशाला हा मार्ग मी सुचवणार नाही.